पेठ रस्त्यावरची पर्यायी व्यवस्था

पावसाळ्यात नाशिकचे लोक पेठ रस्त्याला धबधबे बघायला जातात, फोटो काढतात आणि संध्याकाळी गंगापूर रोडला परत येऊन कुठेतरी जेवतात. मीही तशी दोन-तीनदा गेले आहे. हा प्रवास तसा नाही. तो मी फेब्रुवारीत केला, कार्यालयाच्या कामासाठी केला, आणि त्या कामामुळे एका बाईचं जे नुकसान झालं ते आता भरून येणार नाही. परत आल्यावर कार्यालयात जे लिहून द्यायचं होतं ते मी दिलं. त्यात जे बसलं नाही ते इथे लिहिते आहे.

नाशिक

एसटीच्या संपाची नोटीस लागली होती. संप होईल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुतेक वेळा शेवटच्या घटकेला बोलणी होतात आणि सकाळी गाड्या सुटतात, त्यामुळे यंदाही काही होत नाही असंच आमच्याकडे सगळे धरून चालले होते. तरी वरून पत्र आलं. संप झालाच तर प्रवाशांची गैरसोय होऊ नये म्हणून पर्यायी वाहनांची यादी तयार ठेवावी. साहेबांनी तालुके वाटून दिले. निफाड जवळचं, सपाट आणि रेल्वेचं, ते एकाने लगेच उचललं. दिंडोरी दुसऱ्याने घेतलं. पेठ माझ्या वाट्याला आलं, कारण त्या दिवशी मी रजेवर होते.

मी चौपन्न वर्षांची आहे, सरकारी कार्यालयात कारकून आहे. घरापासून कार्यालय एवढं जवळ की आजवरच्या कुठल्याच संपाचा मला त्रास झाला नाही. पर्यायी व्यवस्था म्हणजे माझ्या लेखी रिक्षा. कार्यालयाची गाडी मोकळी नव्हती. साहेब म्हणाले, बसनेच जाऊन या, म्हणजे परिस्थितीही कळेल. मग बुधवारी सकाळी एका पिशवीत साडी, टॉवेल, वही आणि शेंगदाण्याची चिक्की घेऊन मी पेठच्या गाडीत बसले.

सावळ घाटापर्यंत रस्ता ओळखीचा वाटतो. पुढे डोंगर पिवळे पडलेले, कापलेल्या गवताच्या गंज्या, भाताच्या रिकाम्या खाचरांत चरणारी चार-दोन गुरं. पावसाळ्यात ज्या कड्यांवरून पाणी पडताना पाहिलं होतं तिथे नुसते काळे ओघळ दिसत होते. हाच डोंगर आपण फोटोत ठेवला होता हे स्वतःला सांगावं लागलं.

पेठमध्ये दिवसभर हिंडून मला एवढंच कळलं की यादीत घालण्यासारखी वाहनं फार थोडी आहेत. पिकअप पुष्कळ होत्या, पण द्राक्षांचा खुडा सुरू झाला होता. त्या अंधारातच मजुरांना भरून दिंडोरीकडे जात आणि दिवस मावळल्यावर परत येत. एका मालकाने मला शांतपणे विचारलं की बाई, संप झाला तर बस बंद होईल, द्राक्षं पिकायची बंद होतील का. त्याच दिवशी मी माझा चष्मा चहाच्या टपरीवर विसरले. परत गेले तोवर तो कुणीतरी उचलला होता. ही क्षुल्लक गोष्ट सांगायचं कारण पुढे येईल.

मुक्कामाची गाडी

साहेबांचं म्हणणं होतं की आतलं एखादं गावही बघून या, म्हणजे टिपणीला वजन येतं. संध्याकाळी पेठहून एक गाडी आतल्या पाड्याला मुक्कामी जाते आणि सकाळी परत येते. गावाचं खरं नाव लिहीत नाही, उंबरपाडा म्हणू. मुख्य रस्त्याच्या फाट्यापासून ते नऊ किलोमीटर आत आहे आणि दिवसभरात तिथे जाणारी ही एकच गाडी.

गाडीत शाळेतून परतणाऱ्या मुली, किराणा घेतलेल्या बाया आणि पत्र्याची शेगडी मांडीवर धरून बसलेले एक म्हातारबाबा होते. फाट्यापाशी गाडी आत वळली तसा गाडीचा नूर बदलला. मुली मोठ्याने बोलायला लागल्या, कुणी ड्रायव्हरला अमक्या झाडाखाली थांबवायला सांगू लागलं. एका वस्तीपाशी कंडक्टरने खाली उतरून, वाट बघत उभ्या असलेल्या एका बाईच्या हातात औषधाची पुडी दिली आणि कुठली गोळी सकाळची, कुठली संध्याकाळची ते दोनदा समजावून सांगितलं. सगळे बसून राहिले, कुणी कुरकुर केली नाही. आमच्याकडे सिग्नलला बस अर्धं मिनिट जास्त थांबली तर मागून हॉर्न सुरू होतात.

कंडक्टरला मी माझं काम सांगितलं. तो पस्तिशीचा, निफाडकडचा होता. संपात आपण आहोत हे त्याने लपवलं नाही. मागण्या खऱ्या आहेत, त्याशिवाय कुणी ऐकत नाही, असं म्हणाला. मग बराच वेळ तिकिटाच्या यंत्राशी चाळा करत राहिला.

"मॅडम, नाशिक-पुणे गाडी बंद झाली तर पेपरात येतं," तो म्हणाला. "ही बंद झाली तर कुणाला कळतसुद्धा नाय. मी संपात जाणार. पण या गाडीचं मला वाईट वाटतं."

उंबरपाडा

ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओट्यावर झोपतात. माझी सोय कंडक्टरने यमुनाबाईंच्या घरी लावून दिली. यमुनाबाई साठीच्या पुढच्या. नवरा आणि मुलगा खुड्याला दिंडोरीकडे बागेतच राहायला गेलेले. घरात त्या आणि त्यांची मुलगी योगिता अशा दोघीच.

माझं माहेर सटाण्याकडचं. तिथे पाहुण्याला बिनदुधाचा चहा दिला तर तो जन्मभर बोलून दाखवतो. इथे कोरा चहा आला, गूळ घातलेला, आणि देणाऱ्याच्या चेहऱ्यावर संकोच नव्हता. जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं दाट वरण आणि खुरासणीची, म्हणजे आपल्या कारळ्याची, चटणी. आमच्या बाजरीच्या भाकरीपेक्षा ही काळसर आणि मऊ, खापरावर भाजलेली. मी दोन खाल्ल्या. यमुनाबाईंनी तिसरी न विचारता ताटात टाकली.

योगिता बत्तीस वर्षांची होती. लग्न होऊन गेली होती, मूल होत नाही म्हणून सहा वर्षांनी नवऱ्याने आणून सोडली. माहेरी आल्यावर तिने अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं केलं आणि पोलीस भरतीच्या मागे लागली. पहिल्यांदा लेखी परीक्षेत राहिली, दुसऱ्यांदा अगदी थोड्या गुणांनी. ही तिसरी वेळ. वयाची अट या वर्षी संपत होती, यानंतर तिला अर्जच भरता येणार नव्हता. मैदानी चाचणीची तारीख पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारची, पहाटे नाशिकला हजर व्हायचं होतं. उंबरपाड्याहून सकाळच्या गाडीने निघून आदल्या दिवशीच पोचणं हा एकच मार्ग होता. आणि संपाची नोटीस नेमकी त्या आदल्या दिवसापासूनची, गुरुवारपासूनची होती.

हे तिने गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही. मी कशासाठी आले ते ऐकून घेतलं, आणि मग एकेक गोष्ट नीट क्रमाने सांगितली.

सकाळी उजाडताना ती रस्त्यावर धावली. मीही शाल गुंडाळून बघायला गेले. शाळेपासून रस्त्याखालच्या मोरीपर्यंत आठशे मीटर तिने स्वतः दोरीने मोजून घेतले होते. यमुनाबाई मोरीपाशी मोबाइल घेऊन उभ्या राहायच्या. त्यांना आकडे वाचता येत नाहीत, पण लेक समोर आली की कुठलं बटण दाबायचं ते पक्कं ठाऊक होतं. योगिता आली, वाकून धाप टाकली, मोबाइल बघितला आणि हसली. भरतीला येणाऱ्या तरुण मुलींच्या बरोबरीने नव्हे, त्यांच्या पुढे राहील एवढी वेळ होती ती. यमुनाबाई मला म्हणाल्या, "रोज असंच पळते, बाय. एक दिस चुकवला नाय."

शेजारच्या मोठ्या गावात काशिनाथ नावाच्या माणसाची जीप होती. बाजाराच्या दिवशी तो या बाजूच्या लोकांना पेठला नेत असे. सकाळची गाडी सुटायच्या आत योगिता मला त्याच्याकडे घेऊन गेली. चांगला माणूस होता. म्हणाला, संप झाला तर गुरुवारी सकाळी दहाला उंबरपाड्याला येतो, हिला नाशिकपर्यंत सोडतो, बाकी माणसं मिळतील तेवढी घेतो. मी वही काढली, पण चष्मा नव्हता. योगितानेच माझ्या वहीत त्याचं नाव, गाडीचा क्रमांक आणि फोन नंबर लिहिला. अक्षर सुरेख होतं, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं.

निघताना मी तिला म्हणाले, "काळजी करू नकोस. संप झाला तरी जीप येईल. सरकारी यादीत नाव लागलंय."

हे वाक्य मी जसंच्या तसं बोलले. आठवणीत काही सैल झालेलं नाही.

परत नाशिक

सोमवारी नवा चष्मा घेतला आणि टिपणी टंकून साहेबांपुढे ठेवली. त्यात उंबरपाड्यासाठी काशिनाथची जीप असं स्वच्छ लिहिलं होतं. साहेबांनी कागद चाळला. मुख्य मार्गावर गर्दी होणार, तिथे वाहनं कमी पडली तर बोंब होईल, आतल्या पाड्यांना फार माणसं नसतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. यादीतली सगळी वाहनं संपाच्या दिवशी सकाळपासून पेठ स्थानकापुढे हजर ठेवावीत आणि पेठ-नाशिक फेऱ्या माराव्यात, असं पत्र करायला त्यांनी सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. कागदावर बघितलं तर त्यांचं चुकलंही नव्हतं.

मी विचारलं, आतल्या गावांचं काय. ते म्हणाले, संप होतोय कुठे.

पत्र मी केलं. काशिनाथचं नाव यादीत चौथं होतं. त्या वेळी मला उंबरपाडा आठवलं नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवलं. योगिताला फोन लावला तर लागला नाही, तिथे टेकडीवर गेल्याशिवाय रेंज येत नाही. काशिनाथला लावला, तो उचलला गेला नाही. मग साडेपाच वाजले, मी पर्स उचलली आणि मनाशी म्हटलं, संप होतोय कुठे. मंगळवारी, बुधवारी मी पुन्हा फोन केला नाही. केला असता तर तिला खरं सांगावं लागलं असतं, आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं. ती बुधवारीच सकाळच्या गाडीने निघून आली असती. माझ्या घरी राहिली असती. घरात एक खोली रिकामी आहे.

गुरुवारी संप झाला. मी शेजारच्या ताईंच्या स्कूटरवरून कार्यालयात गेले. दुपारी पेठहून निरोप आला की व्यवस्था उत्तम चालली आहे, जीपा भरून धावत आहेत. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

मैदानाबाहेर

शुक्रवारी उजाडल्यावर मी रिक्षा करून मैदानावर गेले. फाटकाबाहेर फुटपाथवर चादरी, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि उमेदवारांची माणसं. कुणाची आई, कुणाचा भाऊ. एकाने मुलीसाठी केळी आणि उकडलेली अंडी फडक्यात बांधून आणली होती. योगितासाठी कुणी आलेलं असण्याचा प्रश्न नव्हता. ती पोचली असेल की नाही हेही मला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ती पोचली नसेल तर बरं असं एक क्षण वाटून गेलं, कारण मग मला तिच्यासमोर उभं राहावं लागलं नसतं.

नऊच्या सुमाराला ती बाहेर आली. उजवा पाय ओढत होती. मला बघून तिला नवल वाटलं नाही. आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर बसलो. तिने चहा घेतला, पोहे घेतले नाहीत, आणि मागच्यासारखंच एकेक गोष्ट क्रमाने सांगितली.

जीपची वाट तिने दुपारी एकपर्यंत बघितली. मग पिशवी घेऊन चालत निघाली. नऊ किलोमीटर चालून फाट्यावर आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मुख्य रस्त्यावर जीपा पेठहून गच्च भरून येत होत्या, थांबत कुणी नव्हतं. त्यात काशिनाथची जीपही गेली. त्याने तिला बघितलं. खिडकीतून हात बाहेर काढून तो काहीतरी म्हणाला, त्याच्या शेजारी सरकारी फेऱ्यांच्या नोंदी करणारा एक माणूस बसला होता, आणि गाडी पुढे गेली. ती चालत राहिली. घाट चढली. एकंदर वीस-बावीस किलोमीटर तरी चालली असेल. घाटाच्या वर गवताने भरलेल्या एका टेम्पोवाल्याला दया आली, त्याने तिला गवतावर बसवून नाशिकला आणलं. मुक्कामाला ती नेहमी बसस्थानकात थांबायची, पण संपामुळे तिथलं फाटक बंद होतं. म्हणून मैदानाच्या भिंतीपाशी इतर मुलींमध्ये पडली.

गोळाफेक चांगली झाली. शंभर मीटरही बरं झालं. आठशे मीटरमध्ये दुसऱ्या वळणावर पोटरीत गोळा आला. ती पडली नाही. लंगडत पूर्ण केलं, पण वेळ निघून गेली होती. लेखी परीक्षेला जाण्याएवढे गुण झाले नाहीत.

"चार सेकंद मॅडम," ती म्हणाली. "मी घड्याळ बघितलं."

मी म्हणाले, डॉक्टरकडे जाऊ, पायाला दाखवू. ती नको म्हणाली. घरी चल म्हटलं, दोन दिवस राहा. तेही नको. आई वाट बघत असेल, तिला जायचं होतं. मग मी म्हणाले की मी सोडायला येते. कशाने येणार ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

फाटा

यादी मी केली होती, पण तिच्यातल्या एकाही वाहनात मी स्वतः बसले नव्हते. त्या दिवशी बसले. नाशिकच्या पेठ नाक्यावर जीपमध्ये शिरताना माझी पिशवी बाहेरच्या माणसाच्या हातात राहिली आणि पुढच्या थांब्यावर त्याने ती आत दिली. मागे पाय ठेवायला जागा नव्हती, एक माणूस शिडीवर लटकत होता. घाटाच्या अलीकडे जीप तापली आणि बंद पडली. सगळे उतरले. कुणी चिडलं नाही, सगळ्यांना सवय असावी. बाया सावली शोधून बसल्या, एकीने माझ्यापुढे चिंचा धरल्या. तासाभराने लग्नाच्या मांडवाचं सामान घेऊन जाणारा टेम्पो आला. गुंडाळलेली कापडं, बांबू, प्लास्टिकच्या लाल खुर्च्या. आम्ही दोघी आणि आणखी चार जण त्यात चढलो. एका खुर्चीवर मी बसले होते, घाट मागे पडत होता, आणि कुठल्या तरी अनोळखी मुलीच्या लग्नाचं तोरण माझ्या पायावर लोळत होतं.

फाट्यावर उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पुढचे नऊ किलोमीटर पायीच होते.

या रस्त्याचं वर्णन मी आधी बसच्या खिडकीतून केलं. चालताना तो वेगळा निघतो. सावली कुठे आहे ते मोजून ठेवावं लागतं. पहिला हातपंप दोन किलोमीटरवर आहे आणि त्याचं पाणी तांबूस येतं. चढ डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना कळतो. योगिता दर थोड्या वेळाने थांबून पोटरी चोळायची आणि मी तिच्यासाठी थांबले आहे असं दाखवायची. खरं तर धाप मला लागत होती. अर्ध्या वाटेत एक मोटरसायकलवाला थांबला, एकीला घेतो म्हणाला. मी तिला जा म्हटलं. तिने मान हलवली.

"आता पोचायची घाई कुणाला आहे," ती म्हणाली.

तो गेला. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही उभ्याच होतो. तिथेच मी तिला सांगितलं. काशिनाथची जीप माझ्या यादीमुळे गेली, पत्र मी टंकलं, मला ठाऊक होतं आणि मी कळवलं नाही. फोन एकदाच केला. सबबी सांगितल्या नाहीत, निदान तेवढं तरी केलं.

ती पुढे बघत चालत राहिली. मग म्हणाली, "मला कळलं होतं. जीपच्या काचेवर कागद लावला होता. काशिनाथदादाचं नाव, नंबर. मीच लिहून दिलं होतं ना तुम्हाला."

मी क्षमा मागितली. थोडं पुढे गेल्यावर ती एवढंच बोलली की तुमच्या वहीत नाव लिहिलं नसतं तर तो आला असता, दर बाजाराला न चुकता येतो तसा. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

यमुनाबाई

घर दिसायला लागलं तेव्हा ऊन उतरलं होतं. यमुनाबाई ओट्यावर नव्हत्या, रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. लेकीचा पाय बघूनच त्यांना समजलं. पाणी तापवलं, खुरासणीचं तेल कोमट केलं आणि योगिताची पोटरी मांडीवर घेऊन चोळत बसल्या. माझ्यापुढे चहा ठेवला, भाकरी ठेवली. पाहुणचारात मागच्या वेळेपेक्षा काही कमी केलं नाही. ते सोसवत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मला दारात उभं केलं नसतं तर मी सुखाने शाळेच्या ओट्यावर झोपले असते.

सकाळी योगिता उठली नाही. जागी होती, भिंतीकडे तोंड करून पडून होती. बाहेर उजाडलं, रस्ता रिकामा होता. यमुनाबाई मला म्हणाल्या की काशिनाथकडे निरोप धाडला आहे, आज शनिवार, बाजाराचा दिवस, तो जाताना तुम्हाला पेठपर्यंत नेईल. मग माझ्यासमोर येऊन बसल्या.

"बाय, तू सरकारातली. एक अर्ज लिही," त्या म्हणाल्या. "गाडी नव्हती, चालत गेली, म्हणून पाय गेला. हिला अजून एकदा पळू द्या म्हनावं. ती पळते. तू बघितलंय."

असा अर्ज चालत नाही, हे मला ठाऊक होतं. चाचणी एकदाच होते, ज्याची राहिली त्याची राहिली. वयाची तारीख कुणासाठी सरकत नाही. तीस वर्षं अर्ज वाचण्यात गेली आहेत माझी, कुठला कागद कुठल्या फाइलीत जाऊन पडतो ते मी डोळे मिटून सांगेन. मी तोंड उघडलं. तेवढ्यात योगिता कुशीवर वळली आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "लिहा मॅडम. आईला वाचून दाखवा."

मी वही मांडीवर घेतली. हातात पेन धरल्यावर पहिली ओळच अडली. प्रति, असं लिहिलं आणि त्यापुढे कुणाचं नाव घालायचं ते सुचेना. एसटीचं घालावं तर माणसं त्यांच्या हक्कासाठी बसली होती. भरतीवाल्यांचं घालावं तर त्यांनी वेळ चोख मोजली होती. ती जागा मी कोरी ठेवली आणि खालचं लिहीत गेले. अर्जदार उंबरपाड्याची रहिवासी. गुरुवारी वाहन उपलब्ध न झाल्याने. पायी. चार सेकंद. पुन्हा एक संधी मिळावी ही विनंती. यमुनाबाई माझ्या हाताकडे बघत होत्या, ओळ संपली की मान डोलवत होत्या.

लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, वाच.

मी वाचायला घेतलं. प्रति, म्हटलं आणि कोऱ्या जागेवर आले. दोघी ऐकत होत्या. थांबता येत नव्हतं. तिथे मी आमच्या कार्यालयाचं नाव वाचलं.